आजी, जरा खिडकीपाशी बसता का?

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात 'मोबाईलवर चांगले फोटो कसे काढावेत' या विषयावर झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आपल्या सेक्रेटरीबाईंनी फोन करून विषय सांगितला तेव्हा मी जरा चाचरलो. म्हटलं, बाई, मी स्टुडिओवाला माणूस. चौतीस वर्षं डार्करूमच्या लाल दिव्याखाली आणि मग कॉम्प्युटरपुढे काढली. दुकानाचं शटर कायमचं ओढून सहा वर्षं झाली. ज्या मोबाईलमुळे ते ओढावं लागलं, त्याच्यावरच मी बोलू म्हणता? त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर तुम्ही बोला!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इथे उभा आहे.

आधी एक काम करू. सगळ्यांनी आपापला फोन बाहेर काढा. काढला? आता उलटा करा. मागची ती बारकी भिंगं दिसतायत ना, ती रुमालाने किंवा पदराच्या टोकाने हलक्या हाताने पुसा. कापड सुती असू द्या, जरीचं नको. फुंकर मारा, मग पुसा. झालं. आज एवढं करून तुम्ही घरी गेलात तरी माझं येणं वाया गेलं नाही. आपण हा फोन कणकेच्या हाताने उचलतो, गालाला लावतो, पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकतो. बोटाचं तेल त्या भिंगावर बसतं आणि मग समईच्या ज्योतीला रेघा फुटतात, ट्यूबलाईटभोवती धुकं दिसतं, माणसाचा चेहरा दुधातून बघितल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅमेरा खराब झाला, आणि नवा फोन घेतात. नव्या फोनचं भिंग चार दिवस स्वच्छ असतं, म्हणून फोटो चांगले येतात!

किती मेगापिक्सेलचा घ्यावा, कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे मला विचारू नका. गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही बरा फोन आपल्या कामाला पुरेसा आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो तेरा इंच बाय दहा इंच उत्तम छापता येतो. त्याहून मोठी फ्रेम आपल्यापैकी किती जणांच्या भिंतीवर आहे?

आता दुसरं काम. फोनमधला फोटोंचा साठा उघडा. कुणाकडे चार हजार असतील, कुणाकडे वीस हजार. त्यात शोधा : तुमच्या घरातलं जे सगळ्यांत मोठं माणूस आहे, आजी, आजोबा, आई, काका, त्यांचा एकट्याचा, चेहरा नीट दिसणारा, फ्रेम करता येईल असा, गेल्या दोन वर्षांतला एक फोटो. मी थांबतो.

बघा, बोटं किती वेळ फिरतायत. पोह्यांचे फोटो सापडले, छप्पन दुकानच्या चाटचे सापडले, विजेच्या मीटरचे, औषधाच्या चिठ्ठीचे सापडले, 'सुप्रभात'चे तर विचारूच नका. आजींचा आहे, पण त्यात आजी सोफ्याच्या टोकाला अर्ध्या कापल्या गेल्यात आणि पुढे नातवाचा केक आहे.

माझ्या दुकानात लोक संध्याकाळी यायचे, खालच्या आवाजात बोलायचे. हातात एक लग्नाचा ग्रुप फोटो, नाहीतर फोन. "यातला हा चेहरा मोठा करून द्याल का? उद्या-परवा हवाय. तेराव्याला." मी ते काम वर्षानुवर्षं केलं. नखाएवढा चेहरा, अंगावर शेजारच्याची सावली, खांद्यावर कुणाचा तरी हात. तो हात पुसायचा, मागचा मांडव पुसायचा, निळी पार्श्वभूमी टाकायची. घरच्यांना फोटो दिला की ते बघत राहायचे आणि म्हणायचे, "हो, छान झालाय." मला कळायचं की छान झालेला नाही. माणूस तसं दिसत नव्हतंच. पण दुसरा फोटो नव्हता.

आणि मग माझी आई गेली. स्टुडिओवाल्याची आई. मी अल्बम काढले, हार्ड डिस्क काढल्या, फोन काढला. मंडळी, तिचा फोटोच नव्हता. सगळ्यांचे होते. मुंजीत, बारशात, दिवाळीत सगळे ओळीने उभे, आणि ती कुठे? ती आत स्वयंपाकघरात. फोटोसाठी हाक मारली की म्हणायची, "तुमचं होऊ द्या, मी साडी बदलून येते." ती साडी बदलून येईपर्यंत आमचा फोटो झालेला असायचा. शेवटी माझ्या धाकट्या भावाच्या मुलाच्या मुंजीतल्या एका फोटोतून तिला कापून काढलं. तिच्या डाव्या खांद्यावर कुणाचं तरी कोपर होतं. दुसऱ्यांसाठी पुसायचो तसं ते मीच पुसलं. आज भिंतीवर तो फोटो आहे. येणारे-जाणारे नमस्कार करतात. मी त्या खांद्याकडे बघायचं टाळतो.

म्हणून आज मी तुम्हाला सूर्यास्ताचे, फुलांवरच्या दवाचे फोटो कसे काढायचे ते सांगणार नाही. ते तुमची नातवंडं जास्त चांगलं सांगतील. मी घरातल्या माणसांचे फोटो कसे काढायचे एवढंच सांगणार.

त्याला लागते एक खिडकी. फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला 1839 साली. पुढची कितीतरी वर्षं स्टुडिओत विजेचा दिवा नव्हता. छताला किंवा भिंतीला काचा लावायच्या, शक्यतो उत्तरेच्या बाजूला, कारण आपल्याकडे तिकडून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता शांत उजेड येतो. तोच उजेड तुमच्या घरात फुकट आहे. सकाळी नऊ-दहा वाजता घरभर हिंडून बघा, कुठल्या खिडकीतून उजेड येतो पण उन्हाचा पट्टा येत नाही. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा, नाहीतर पांढरं धोतर लावा, काम तेच होतं.

तिथे खुर्ची ठेवा. खिडकीला पाठ करून नाही हं! नव्वद टक्के लोक तसंच बसवतात, कारण मागे झाडं छान दिसतात. मग झाडं छान येतात आणि आजी काळ्या. खिडकी आजींच्या एका बाजूला असू द्या, हातभर अंतरावर. उजेड गालावरून नाकावर, नाकावरून दुसऱ्या गालावर उतरत जातो, चेहऱ्याला गोलाई येते. दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर कुणाला तरी पांढरा पंचा धरून त्या बाजूला उभं करा. आणि घरातला ट्यूबलाईट बंद करा. ही गोष्ट कुणी करत नाही. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि दिव्याचा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि एक पिवळट. कावीळ झाल्यासारखं दिसतं.

आता तुम्ही कुठे उभे राहाल? फोन नाकाशी नेऊ नका. फोनचं साधं भिंग रुंद दृश्य टिपणारं असतं. जवळ गेलात की नाक मोठं आणि कान मागे पळालेले. सेल्फीत आपण सगळे जरा सशासारखे दिसतो ते त्यामुळेच. पाच-सहा फूट मागे या आणि स्क्रीनवर '2' किंवा '3' लिहिलेलं असतं, ते दाबा. बऱ्याच फोनमध्ये ते वेगळं भिंगच असतं, किंवा मोठ्या सेन्सरचा मधला भाग असतो, फोटो खराब होत नाही. पण त्याच्या पुढे दोन बोटांनी चिमटा काढून जे ओढता ना, दहापट, वीसपट, ते झूम नाही. तो फोन फोटो कापतो आणि फुगवतो. मी दुकानात तेच करायचो, आणि त्याचं काय होतं ते मघाशी सांगितलं.

खाली बसा. आजी खुर्चीत असतील तर तुमचा फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. नातू रांगत असेल तर तुम्ही सरळ जमिनीवर आडवे व्हा. गुडघे दुखतात हे मला मान्य आहे, माझेही दुखतात, मी पाट घेऊन बसतो.

आता स्क्रीनवर आजींच्या डोळ्यावर बोट टेकवा. चौकोन येईल आणि शेजारी बारकासा सूर्य दिसेल. बोट वर-खाली केलं की तो सूर्य सरकतो, उजेड कमी-जास्त होतो. आपल्याकडे फोटो उजळ यावा अशी फार हौस असते. जरा कमी करा. केस पांढरे असतील, साडी पांढरी असेल तर नक्की कमी करा, नाहीतर केसांच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. बोट तसंच दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये तो हिशेब पक्का होतो, मग माणूस थोडं हललं तरी फोटो बदलत नाही. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचला. फ्लॅश मात्र नको. तो चेहरा भिंतीसारखा सपाट करतो आणि चष्म्यात दुसरा सूर्य उगवतो.

आता खरी कठीण गोष्ट. "हसा" म्हणू नका. "हसा" म्हटल्यावर माणूस जे करतं त्याला हसणं म्हणत नाहीत. चौतीस वर्षांत मला एकच युक्ती सापडली : प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपता संपता फोटो काढायचा. रामबागेतल्या एक काकू माझ्याकडे पासपोर्टसाठी आल्या होत्या, मुलाकडे जायचं होतं त्यांना. चेहरा असा की जणू पोलीस ठाण्यात बसल्यात. पासपोर्टला तो चालतो, म्हणून काढला. मग म्हटलं, "काकू, आणखी एक काढू, माझ्या हौसेसाठी. तुमच्या लग्नात पंगतीला काय होतं हो?" तर काकू सांगायला लागल्या, जिलबी होती, मठ्ठा होता, आणि वरपक्षाकडच्या एका गृहस्थांनी जिलब्या मोजायचं सोडून दिलं तेव्हा वाढपी कसे पळाले... आणि तिथे मी बटण दाबलं. पुढे काही वर्षांनी त्यांचा मुलगा दुकानात आला. तोच फोटो मोठा करून हवा होता. तेव्हा मला काही पुसावं लागलं नाही.

असे प्रश्न तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. इंदूरला तुमचं पहिलं बिऱ्हाड कुठे होतं? शाळेत कोण मास्तर मारायचे? पुरणपोळी पहिल्यांदा कधी फाटली? विचारा आणि एक नाही, पंधरा-वीस फोटो काढा. फिल्मच्या काळी रोलमध्ये छत्तीस फोटो, त्याआधीच्या डबा कॅमेऱ्यात बारा, तेव्हा बटण दाबताना छातीत धडधड व्हायची. आता फुकट आहे. मात्र त्याच संध्याकाळी बसून दोन ठेवा आणि बाकीचे काढून टाका. आपण काढायला शिकलो, टाकायला शिकलो नाही, म्हणून मघाशी बोटं एवढा वेळ फिरत होती.

आणि ते चेहरा गोरा करणारं, सुरकुत्या घालवणारं जे काही फोनमध्ये असतं, ब्यूटी म्हणतात त्याला, ते आजच सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणा. काही फोनमध्ये ते आपोआप चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. माझा नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही जुन्या वळणाचे. असेन. पण आम्हीही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवायचो, त्यातलं मला थोडं कळतं. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा बुजवायचो, आणि डोळ्यांच्या कडेच्या तर कधीच बुजवल्या नाहीत. त्या बुजवल्या की माणूस ओळखू येत नाही. पोर्ट्रेट मोड वापरा हवं तर, मागचं धूसर होतं, बरं दिसतं. पण नथीचा आकडा, सुटलेले केस, चष्म्याची कडा, अंबाड्यातला गजरा हे सगळं तो अर्धवट खातो. एक तसा काढा, एक साधा काढा.

ग्रुप फोटोबद्दल थोडक्यात. दुपारी बाराच्या उन्हात गच्चीवर कुणालाही उभं करू नका, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात. सावलीत, व्हरांड्यात घ्या. अगदी टोकाला कुणाला उभं करता ते बघा, कारण रुंद भिंग कडेच्या माणसाला ताणतं. माझ्या वहिनी एका फोटोवरून माझ्याशी चार महिने बोलत नव्हत्या. डोळे मिटणारा एक जण प्रत्येक घरात असतोच, तेव्हा पाच-सहा फोटो काढा. आणि टायमर वापरा. दहा सेकंदांचा असतो. फोन कपाटावर डब्याला टेकवून ठेवा आणि तुम्हीही जाऊन उभे राहा. घरात जो फोटो काढतो तो कुठल्याच फोटोत नसतो, आणि जी स्वयंपाक करते ती तर नसतेच. गॅस बंद करा, तिला आहे त्या साडीत बाहेर बोलवा, मग फोटो काढा.

गणपती तोंडावर आलेत, म्हणून त्यांचंही सांगतो. मूर्तीचा फोटो उभं राहून वरून काढला की गणपती बुटका दिसतो. गुडघ्यावर बसा, फोन मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. फ्लॅश मारलात तर मुकुटाचा सोनेरी रंग आणि तेलरंग चमकून पांढरा होतो. जास्वंदीचा हार, शेंदरी रंग, लाल मखमल यांवर दिव्यांचा उजेड जास्त झाला की पाकळ्या दिसेनाशा होतात, नुसता लाल गोळा येतो. तिथेही तो बारका सूर्य खाली ओढा. मखराच्या एलईडी माळांमुळे कधी कधी फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. फोन बिघडलेला नसतो. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे स्वस्तातली माळ सेकंदाला 100 वेळा मिणमिणते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोपुरती ती माळ बंद करा, किंवा ज्यांच्या फोनमध्ये 'प्रो' आहे त्यांनी शटर शंभरांश किंवा पन्नासांश सेकंदावर ठेवावं.

आरतीत सगळे मूर्तीचे फोटो काढतात. मूर्ती दहा दिवस आहे, जागची हलत नाही. आरतीच्या वेळी मागे वळा. निरांजनाचा उजेड कुणाकुणाच्या चेहऱ्यावर पडलाय बघा. झांजा वाजवणारा पोरगा, डोळे मिटून उभे असलेले काका, शब्द विसरून नुसते ओठ हलवणारे आपण. बोट चेहऱ्यावर टेकवा, ज्योतीवर नको. ज्योतीवर टेकवलंत तर ज्योत सुंदर येईल आणि माणसं अंधारात जातील. पण दोनच फोटो काढा आणि फोन खिशात घाला. सगळेच फोटो काढायला लागले तर टाळ्या कोण वाजवणार?

अनंत चतुर्दशीच्या झांक्या. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात, रात्रभर चालतात, राजवाड्यापाशी पाय ठेवायला जागा नसते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. तिथे आपले फोटो बिघडतात ते असे : आजूबाजूला काळोख असतो, म्हणून फोन सगळंच उजळ करायला जातो, आणि झांकी दिव्यांनी भरलेली असल्यामुळे ती पांढरीफटक होते. झांकीच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि सूर्य चांगला खाली आणा. नाईट मोड दोन-तीन सेकंद घेतो, त्या वेळात झांकी पुढे सरकते आणि सगळं फरकटतं. ती थांबते तेव्हाच काढा. कोपर अंगाला चिकटवा, खांबाला टेका, श्वास धरा. आणि पुन्हा तेच सांगतो, जरा मागे वळा. झांकीच्या उजेडात न्हालेली गर्दी, बापाच्या खांद्यावर बसून तोंड उघडं ठेवून बघणारं पोर. झांकी पुढच्या वर्षीही येईल. त्या पोराला पुढच्या वर्षी खांद्यावर घेता येणार नाही.

आता जुन्या फोटोंकडे येतो. घरोघरी ट्रंकेत, कपाटावर, गादीखाली ते आहेत, आणि या भागाच्या पावसाळी दमटपणात दर वर्षी थोडे थोडे जातायत. फोनने त्यांची प्रत सहज काढता येते. तीच खिडकी, तोच उजेड. फोटो टेबलावर सपाट ठेवा, फोन बरोबर त्याच्यावर आडवा धरा, चारी कडा स्क्रीनच्या कडांना समांतर दिसल्या पाहिजेत. अगदी जवळ नको, '2' दाबून जरा वरून घ्या, म्हणजे फोनची सावली पडत नाही. काच असेल तर फ्रेम उघडा. पण फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, देवासाठी ओढू नका, चेहरा काचेवर राहतो. मी माझ्या हाताने एक असा घालवलाय. काचेसकट फोटो काढा, आणि चमक येऊ नये म्हणून फोनमागे काळं कापड धरा. मागची बाजूही टिपा. तिथे शाईने लिहिलेली तारीख असते, स्टुडिओचा शिक्का असतो. तुम्हाला काही लिहायचं असेल तर बॉलपेन नको, खुणा पुढे उमटतात. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने.

आमच्या घरी एक लग्नाचा फोटो आहे. सतरा माणसं. वडील होते तेव्हा विचारायचं राहिलं. एकदा आत्या आल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी त्या फोटोची प्रत काढून टीव्हीवर मोठी केली, आत्यांना पुढे बसवलं आणि माझा फोन व्हिडिओवर लावून दिला. आत्यांनी काठीचं टोक एकेका चेहऱ्यावर टेकवत सांगितलं. हा अमका, देवासहून आला होता, तबला वाजवायचा. ही तमकी, हिचं आधी माझ्या थोरल्या दिराशी ठरत होतं! सतरापैकी सोळा त्यांनी ओळखले. तिसऱ्या रांगेतल्या टोकाच्या गृहस्थांपाशी काठी थांबली आणि म्हणाल्या, "हे कोण बाई? चेहरा येतोय, नाव येत नाही. रात्री आठवेल." रात्री आठवलं नाही. आता विचारायला कुणी नाही. ते गृहस्थ आमच्या घरात सतरावे म्हणूनच राहिलेत.

आपल्या शहराला या बाबतीत मोठी परंपरा आहे, ते सांगायला हवं. लाला दीनदयाळ 1866 साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आले. रुरकीला शिकलेले, कामाने नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारे. फोटोग्राफी ते इथे, या गावात शिकले, इथेच त्यांनी स्टुडिओ काढला, आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी फोटोग्राफर झाले, राजा दीनदयाळ म्हणून ओळखले गेले. 1905 साली ते वारले. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून जास्त प्लेट्स आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच, म्हणजे एक धक्का लागला की संपलं. तरी टिकल्या, कारण प्लेटवर नंबर घातलेला, नाव लिहिलेलं, आणि कुणीतरी त्या सांभाळल्या. आपल्या फोनमधला फोटो पडून फुटत नाही, पण फोन हरवला, पाण्यात पडला, की सगळं एका मिनिटात जातं.

म्हणून तीन गोष्टी. एक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो हा मूळ फोटो नाही. साध्या पद्धतीने पाठवला की तो बारीक होतो, साधारण सोळाशे ठिपक्यांचा. पाच इंचांपर्यंत बरा छापतो, फ्रेमला नाही. तेराव्याच्या फ्रेमसाठी लोक मला हाच फोटो आणून द्यायचे. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. दोन, फोटो दोन जागी ठेवा, फोनमध्ये एक आणि बाहेर एक, ढगात म्हणा, डिस्कवर म्हणा, मुलीच्या कॉम्प्युटरवर म्हणा. आणि तीन, वर्षाला दहा फोटो छापून घ्या. मी आता धंद्यात नाही, तेव्हा यात माझा काही स्वार्थ नाही. दहा फोटो, मागे नावं, एक साधा अल्बम. पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

वेळ झाली, सेक्रेटरीबाई घड्याळ दाखवतायत. एक सूचना त्यांच्याच परवानगीने. गणपतीतल्या रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा मी या सभागृहात असेन. ती तिकडची खिडकी उत्तरेची आहे, मी येतानाच बघून ठेवली. तिथे एक खुर्ची आणि एक टेबल टाकू. खुर्चीत घरातल्या मोठ्या माणसांना बसवायचं, टेबलावर जुने फोटो ठेवायचे. फोन तुमचाच आणा, फोटो तुम्हीच काढायचा, मी शेजारी उभा राहून कटकट करीन. ज्यांच्या आजींना जिने चढवत नाहीत त्यांनी कमिटीकडे नाव द्या, मी घरी येतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, कुठेही. आणि आधी सांगून ठेवतो, साडी बदलायला कुणी आत जायचं नाही.